बायकांचा म्हणतात तो आजार

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी दारूला तोंड लावलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात कुणालाही विचारलंत तर उलटंच ऐकायला मिळेल. त्यांना हाशिमोटो झालाय. थायरॉईडचा आजार आहे. शरीर स्वतःच्याच गळ्यातल्या ग्रंथीच्या मागे लागतं आणि ती हळूहळू मंद पडत जाते, एवढं मला डॉक्टरांनी समजावलं आणि मला तेवढं पुरे आहे. मी काही शिकलेली बाई नाही. आळेफाट्याजवळच्या एका गावात ब्लाऊज शिवते. हे लिहितेय ते ज्यांच्या घरातला माणूस दिवसेंदिवस मंद होत चाललाय आणि जो तो त्यालाच नावं ठेवतोय, त्यांच्यासाठी. गोड लिहायला मला जमणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही.

आधी काय दिसलं

हे एका इंग्रजी शाळेची बस चालवायचे. आमची मुलगी पहिलीत होती तेव्हापासून चालवायचे. आता ती अवसरीला इंजिनिअरिंगला आहे. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. नाव बाळासाहेब, पण शाळेतली पोरं बाळूकाका म्हणत आणि बाकी सगळे बाळूभाऊ.

दिवाळीनंतर त्यांचा आवाज जाड झाला. मला वाटलं, सर्दी. मग बोलणं हळू झालं. प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागायचा, जणू लांबच्या खोलीतून माणूस चालत येतोय. सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, तोंड सुजलेलं. उन्हात उभे राहूनही स्वेटर काढेनात. जेवण कमी झालं आणि वजन वाढलं. चार-चार दिवस पोट साफ होत नव्हतं, हेही लिहिते, कारण पुरुष हे डॉक्टरलासुद्धा सांगत नाहीत. रविवारी जेवून आडवे झाले की दिवेलागणीपर्यंत उठायचे नाहीत. मी भांडायचे, मग घाबरायचे, मग परत भांडायचे.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी बस थांब्यावर उभी होती. इंजिन चालू, पोरं आत चढतायत, आणि हे स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले. एका बाईने फोनमध्ये व्हिडिओ काढला. जेवायच्या वेळेपर्यंत तो आमच्या गावात घरोघरी पोचला होता. माझ्याकडे ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बाईने तो मलाच दाखवला, आणि वर विचारलं, कधीपासून घेतायत गं?

किसनअण्णांचा निवाडा

किसनअण्णा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. शाळेच्या संस्थेवर आहेत आणि गावच्या यात्रा कमिटीचेही तेच अध्यक्ष. ह्यांना नोकरी त्यांनीच लावली होती, त्यामुळे काढायचा अधिकारही आपलाच, असं त्यांचं सरळ गणित. त्यांनी घरी बोलावलं. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

"बाळू, आरशात तोंड बघ जरा," अण्णा म्हणाले. "सुजलंय किती. जीभ जड झालीय. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

"मी घेत नाय अण्णा," हे म्हणाले. पण ते इतक्या सावकाश, इतक्या जाड आवाजात म्हणाले, की मलाच ऐकवेना. निरपराध माणसाचा आवाजच त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला लागला तर त्याने करायचं काय?

अण्णा हसले. सगळेच असं म्हणतात, म्हणाले. मी मध्ये बोलले की हा माणूस सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन निघतो, वास आला असता तर पहिला मला आला असता. त्यावर अण्णांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि घरच्या बाईला झाकावंच लागतं, असं काहीसं पुटपुटले. ती माया मला शिवीपेक्षा जास्त लागली.

त्या दिवसापासून बस गेली.

निदानाचा दिवस

नारायणगावच्या डॉक्टरांनी आधी ताकदीची गोळी दिली, मग झोप कमी लागते का विचारून झोपेची दिली. झोपेने मरगळलेल्या माणसाला झोपेची गोळी. तिसऱ्या खेपेला मी टेबलासमोरून उठलेच नाही. म्हटलं, काहीतरी तपासा. तेव्हा त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि त्यात थायरॉईड घातला. तोही सहज, कागदावर जागा होती म्हणून घातल्यासारखा.

आळेफाट्याच्या लॅबचा रिपोर्ट आला. टीएसएचचा आकडा इतका मोठा की समोर ठळक अक्षरात 'एच', म्हणजे 'हाय', छापलेलं. मला वाटलं, थायरॉईड वाढलाय. डॉक्टर म्हणाले, नाही, कमी झालाय. आकडा वाढला म्हणजे थायरॉईड कमी. डोकं ग्रंथीला हाका मारतं, ती ऐकत नाही म्हणून हाका वाढतात, आणि तो आकडा त्या हाकांचा असतो. हे मला त्या दिवशी कळलं, पण गावात समजावताना मी दर वेळी अडकले. पुढे आणखी एक तपासणी होऊन हाशिमोटो हे नाव आलं.

मला रडू आलं ते सुटल्याच्या आनंदाने. आजार आहे, गोळी आहे, आणि मुख्य म्हणजे हातात पुरावा आहे. पण डॉक्टर सहज बोलून गेले की हा जास्त करून बायकांचा आजार, पुरुषांत क्वचित. ह्यांच्या चेहऱ्यावरची जी काही हालचाल उरली होती ती तिथेच थांबली.

बाहेर स्टँडवर मला म्हणाले, "हे कुणाला सांगायचं न्हाई."

मी विचारलं, का? दारुडा म्हणतायत ते चालतंय?

"दारुडा गडी तरी असतो," ते म्हणाले.

मी त्यांचं ऐकलं नाही. रिपोर्ट घेऊन किसनअण्णांकडे गेले, शाळेत गेले, शेजारणींना सांगितलं. कुणी रागावलं नाही, भांडलं नाही. लोक हसले. थायरॉईड माझ्या जावेला आहे, तुझ्या नवऱ्याला कुठून होतोय, असं एकीने विचारलं. दुसरीने तर जाताजाता सल्ला दिला की निदान खोटं तरी पटण्यासारखं सांगत जा. ह्यांना हे कळलं तेव्हा ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्यांना बरं करायला निघालेली मीच त्यांची शत्रू झाले होते.

गोळी आणि मिशी

गोळीने गुण आला. हळूहळू आला, पण आला. तोंडाची सूज उतरली, आवाज थोडा मोकळा झाला. सकाळी उठून स्वतः गोठ्यात जायला लागले. मला वाटलं, सुटलो.

एक गोष्ट मात्र सुधारेना. केस. भुवयांची टोकं गेली होती आणि मिशी विरळ झाली होती. तुम्ही हसाल, पण आमच्याकडे चैत्रात यात्रा असते, बैलगाड्याच्या शर्यती असतात, आणि हे तरुणपणापासून घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावेवर, बैल जुंपायला उभे राहणारे. पिळदार मिशी, डोक्याला फेटा, असे त्यांचे जुने फोटो आहेत. त्या यात्रेला ते गेलेच नाहीत. पाठ दुखते म्हणाले.

त्यांची बहीण शोभाताई मंचरला ब्यूटी पार्लर चालवते. भावावर तिचा फार जीव. ती भेटायला आली, भावाची मिशी पाहून आत येऊन माझ्याजवळ रडली, आणि पुढच्या खेपेला केसांच्या गोळ्या घेऊन आली. पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांना ती ह्याच देते, व्हिटॅमिनच आहे, काही अपाय नाही, म्हणाली. ह्यांनी ती गोळी मुकाट्याने सुरू केली. औषध म्हणून नाही. औषध म्हणजे डॉक्टर देतो ते. ही बहिणीची भेट होती.

दोन कागद

पावसाळ्यात पुन्हा रक्त तपासलं. या वेळी सगळं उलटं. टीएसएच जवळजवळ नाहीच आणि थायरॉईडचा स्वतःचा आकडा वर गेलेला. डॉक्टर म्हणाले, थायरॉईड आता जास्त झालाय, गोळी निम्मी करा. केली. पुढच्या रिपोर्टलाही तेच. गोळी बंद करा म्हणाले. बंद केली.

आणि माझ्या डोळ्यांसमोर माणूस परत मंद होत गेला. तेच सुजलेलं तोंड, तोच जाड आवाज, ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात तेच स्वेटर. मी डॉक्टरांना म्हटलं, यांना बघा तरी. त्यांनी बघितलं ते कागदाकडे. रिपोर्ट सांगतोय जास्त आहे, म्हणाले. मी म्हटलं, माणूस सांगतोय कमी आहे. त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी ह्यांना जुन्नरला नेऊन दुसऱ्या लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. एसटीत ते उभ्याउभ्या झोपले. जुन्नरच्या रिपोर्टमध्ये टीएसएच पुन्हा आभाळाला. एकाच माणसाचं रक्त, एकाच आठवड्यात, एक लॅब म्हणते थायरॉईड उतू चाललाय आणि दुसरी म्हणते आटलाय. दोन्ही कागद टेबलावर ठेवले तर डॉक्टर म्हणाले, जुन्नरचं मशीन चुकलं असेल.

यातलं सगळ्यात कडू हे, की ह्यांना आळेफाट्याचाच कागद खरा हवा होता. त्या कागदाप्रमाणे त्यांना तो बायकांचा आजार राहिलेलाच नव्हता. किसनअण्णांनीही निरोप धाडला होता की आजारच म्हणतोस तर तो बरा झाल्याचा रिपोर्ट आण, मग बघू. मी जुन्नरचं नाव काढलं की हे म्हणायचे, तुला मी आजारीच पाहिजे. मी एकदा ताट आपटलं. एकदा दोन दिवस माहेरी जाऊन बसले आणि तिथे बसून हे जेवले असतील का याचीच काळजी केली. मुलगी फोनवर विचारायची, आई, खरं सांग, पप्पा घेतात का? तिच्या वर्गात आमच्या बाजूचं एक पोर होतं, त्याने तो जुना व्हिडिओ सगळ्यांना दाखवला होता. माझ्या पोरीनेही विचारावं, हे मी तिला अजून माफ केलेलं नाही. करीन कधीतरी.

पुण्याचा वॉर्ड

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी हे उठेचनात. हाक मारली की डोळे उघडायचे आणि मिटायचे. हात गार, नाडी इतकी सावकाश की मी बोट ठेवून वाट बघत बसले. शेजारच्यांच्या गाडीत घालून पुण्याला नेलं. वाटेत शेजाऱ्याने मला हळूच विचारलं, रात्री जास्त झाली का वैनी? मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याची गाडी होती.

वॉर्डातल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. सकाळी रक्त, मग राउंड, मग वाट बघणं, मग पुन्हा रक्त. नातेवाइकांना बसायला स्टूल, तेही दुपारी कुणीतरी उचलून न्यायचं. शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून रोज स्वतःच्या थर्मासमधलं गरम पाणी ह्यांच्या पेल्यात ओतायची, न विचारता. तिचं नावही मी विचारलं नाही. त्या वर्षात आम्हाला काहीही न विचारता मदत करणारं ते एकच माणूस भेटलं.

तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले आणि ह्यांना विचारलं, आणखी कुठली गोळी घेता? हे म्हणाले, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आयुर्वेदिक, ताकदीची, कुठलीही? नाही. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं. मी म्हटलं, केसांची घेतात, नणंदेने दिलेली, मिशीसाठी.

बाईंनी पेन खाली ठेवलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. चार माणसांत मी त्यांची मिशी काढली, असा तो चेहरा होता.

मग बाईंनी समजावलं. त्या गोळीत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन भरपूर असतं. त्याने थायरॉईड बिघडत नाही, पण काही लॅबच्या मशीनची तपासणी फसते. कमी असलेला थायरॉईड जास्त दिसतो. जुन्नरच्या मशीनची पद्धत वेगळी असणार, म्हणून तिथे खरा आकडा आला. म्हणजे आमचा माणूस कागदावर बरा होत होता आणि खाटेवर मरत होता. केसांची गोळी थांबवली, थायरॉईडची सुरू केली, आणि काही दिवसांनी तपासलं तेव्हा सगळे आकडे एका सुरात बोलायला लागले.

शोभाताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती हंबरडा फोडून रडली. मी तिला समजवायला हवं होतं, मोठी वैनी म्हणून. मला नाही जमलं. तिने प्रेमाने दिलं हे मला मान्य आहे. पण त्या प्रेमाने माझा नवरा जवळजवळ गेला होता, हेही तितकंच खरं आहे, आणि दोन्ही एकदम मनात ठेवायला मला अजून शिकायचंय.

घरी आल्यावर एका दुपारी हे म्हणाले, "पंखा लाव गं, लई उकडतंय." मी उठून बटण दाबलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. त्यांना उकडत होतं.

तुम्हाला सांगायचं ते

आता तुमच्यासाठी थोडं. थायरॉईडची गोळी ह्यांना उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितलीय, चहा मागाहून. रक्त द्यायला जाताना घरात घेतलं जाणारं सगळं डॉक्टरला सांगा: केसांची, ताकदीची, बहिणीने दिलेली, जाहिरातीत बघून आणलेली. शक्यतो लॅब बदलू नका. आणि बदलल्यावर दोन कागद भांडायला लागले तर एकाला खोटं ठरवायच्या आधी माणसाकडे बघायला लावा. न बघणाऱ्या डॉक्टरच्या समोरून उठा. मी उशिरा उठले.

सत्कार

माघ-फाल्गुनात हे पुरते सावरले. आवाज पहिल्यासारखा, चाल पहिल्यासारखी, मिशीसुद्धा बऱ्यापैकी आली. लोक रस्त्यात थांबवून म्हणायला लागले, बाळूभाऊ, तब्येत झ्याक दिसतीय. आणि मग आवाज खाली आणून, सुटली वाटतं?

किसनअण्णा स्वतः घरी आले. शाळेला जूनपासून ड्रायव्हर पाहिजे होता. म्हणाले, संस्था दुसरी संधी द्यायला तयार आहे, माणूस सुधारला की मागचं विसरायचं असतं. आणि यंदा यात्रेत व्यसनमुक्त झालेल्यांचा सत्कार ठेवलाय, त्यात बाळूचं नाव पहिलं घातलंय. तरुण पोरांना आदर्श मिळेल.

मी पुण्याची फाईल आणायला आत वळले, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. अण्णांना म्हणाले, येतो.

अण्णा गेल्यावर मी जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. न केलेल्या पापाची माफी घ्यायची आणि वर शाल पांघरून घ्यायची, हा कुठला न्याय? मी म्हटलं, बस नको, आपण कांदा लावू, मी दोन ब्लाऊज जास्त शिवीन, पण हे नको. ते ऐकत राहिले.

"लोकांना दारू कळती," ते म्हणाले. "दारू सुटली की माणूस सुधारला म्हणत्यात, जवळ करत्यात. थायरॉईड कुणाला कळतोय? तू वर्षभर सांगितलं. एकाने तरी ऐकलं का?"

एकानेही ऐकलं नव्हतं.

यात्रेत घाटाच्या वरच्या अंगाला मांडव होता. शर्यती थोडा वेळ थांबवून नावं पुकारली. लाउडस्पीकरवर सांगितलं की बाळूभाऊंनी जिद्दीने दारूवर मात केली, घरच्या लक्ष्मीने साथ दिली. हे फेटा बांधून वर गेले. शाल, श्रीफळ, अण्णांनी मिठी मारली. माझ्या आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होत्या. एकीने माझा हात हातात घेऊन सांगितलं, तुझी पुण्याई गं. मी हात सोडवून घेतला, तर तिला वाटलं मी लाजले.

जूनपासून हे पुन्हा बसवर आहेत. मध्यंतरी माझ्या एका गिऱ्हाइकाचं कापड शाळेजवळच्या दुकानातून आणायचं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि रोज काय होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. बसची चावी सुपरवायझरकडे असते. आमच्या मुलीच्या वयाचा पोरगा आहे. हे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, थोडे वाकले आणि त्याच्या तोंडावर 'हा' करून श्वास सोडला. त्याने नाक जवळ नेऊन वास घेतला आणि चावी हातावर ठेवली.

"व्हेरी गुड बाळूभाऊ," तो म्हणाला. "असंच टिकवा."

"हो साहेब," हे म्हणाले.